रेंज आहे, पण नेट का चालत नाही?

‘रेंज आहे, पण नेट चालत नाही’ ही मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागकडची तक्रार तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक आहे. रेंज आणि नेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची मोजमापंही वेगळी आहेत.

रेंज म्हणजे टॉवरकडून फोनपर्यंत पोचलेल्या सिग्नलची ताकद. ती डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. उणे ८० असेल तर उत्तम, उणे ११०च्या खाली गेली की फोन अडखळतो. या मापात दर १० अंकांना ताकद दहापट घटते. अंगणात उणे ९० असलेला सिग्नल जांभ्याच्या भिंतीआड माजघरात उणे ११० झाला, तर तो निम्मा झालेला नसतो, शंभरावा हिस्सा उरलेला असतो. फोनवरच्या काड्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने दाखवते, त्यामुळे तपासणीत त्या धरत नाहीत.

नेटचा वेग मात्र टॉवरवर त्या घडीला किती जण आहेत यावरही ठरतो. टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. मे महिन्यात किंवा नाताळात मालवण पर्यटकांनी भरलं की काड्या पूर्ण दिसतात आणि व्हिडिओ गोल फिरत राहतो. म्हणून मोजणी गर्दीच्या तासाची हवी. पहाटेचा आकडा कुणाच्या कामाचा नाही.

वेगाच्या जोडीला लेटन्सी, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, आणि वाटेत हरवणारी माहितीची पॅकेटं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, हेही मोजतात. मासळी घेताना क्यूआर कोड स्कॅन केला तर जाणारी माहिती चिमूटभरच असते. तिला मोठा वेग लागत नाही, पण ती वेळेत जाऊन परत यावी लागते. ‘पेमेंट प्रोसेसिंग’वर अडकलेला फोन बहुतेकदा इथेच अडकलेला असतो.

हे मोजायला लावणारी संस्था म्हणजे १९९७ साली स्थापन झालेली ट्राय, अर्थात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. तिच्याकडे आकडे तीन वाटांनी येतात. पहिली वाट कंपन्यांच्या स्वतःच्या यंत्रणेची: प्रत्येक टॉवर किती वेळ बंद होता, किती कॉल तुटले, याची नोंद आपोआप होत असते. दुसरी ड्राइव्ह टेस्ट. एका गाडीत प्रत्येक कंपनीचं सिम घातलेले फोन आणि जीपीएस ठेवतात, गाडी ठरलेल्या मार्गाने जाते आणि फोन सतत कॉल लावतात, फाइली उतरवतात. सगळ्या कंपन्या एकाच वेळी एकाच जागी तपासल्या जातात, म्हणून ही तुलना भरवशाची. मात्र ती रस्त्याला बांधलेली आहे. काही ठिकाणी माणसं चालतही मोजतात, पण माडांमागची वाडी किंवा समुद्रात गेलेली होडी गाडीच्या वाटेवर येत नाही. तिसरी वाट आपली: ट्रायचं २०१६ साली आलेलं मायस्पीड ॲप. कुणीही आपल्या ओटीवरून वेग तपासून पाठवू शकतो. उणीव एकच. जिथे नेट मुळीच नाही, तिथून तिथल्या तिथे काही पाठवता येत नाही.

आकडे जमले की खरा प्रश्न येतो: सरासरी कुठली काढायची? दूरसंचाराच्या नकाशात सिंधुदुर्ग ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये येतो. त्यात गोवा आहे, पुणे-नागपूर आहेत, मुंबई मात्र वेगळी. एवढ्या पसाऱ्याच्या सरासरीत आचऱ्याचा किंवा दोडामार्गचा एखादा आजारी टॉवर दिसणारच नाही. २०१७मध्ये ट्रायने कॉल तुटण्याबाबत निकष बदलला: किमान ९० टक्के सेल्समध्ये (टॉवरच्या एकेका अँटेनाच्या टापूंत), किमान ९० टक्के दिवस, हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत हवं. सरासरीपेक्षा हे कितीतरी बरं. तरीही उरलेल्या दहा टक्क्यांत एखादं अख्खं गाव बसू शकतं.

म्हणून ऑगस्ट २०२४चे नवे नियम मला महत्त्वाचे वाटतात. ते १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झाले. मोबाइल सेवेचा अहवाल तिमाहीऐवजी दरमहा द्यायचा, हे एप्रिल २०२५पासून आलं. कुठे कुठली सेवा पोचते याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर लावायचे आहेत. आणि जिल्हा हे एकक धरलं गेलं: जिल्हाभर सेवा चार तासांहून अधिक बंद राहिली तर कंपनीने चोवीस तासांत ट्रायला कळवायचं. खंड चोवीस तासांपलीकडे गेला तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट, प्रीपेडवाल्याला मुदतवाढ.

या भरपाईतून नैसर्गिक आपत्ती वगळली आहे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा झाडं आणि विजेचे खांब कोसळून गावंच्या गावं अंधारात गेली. वीज गेली की टॉवर बॅटरीवर आणि डिझेलवर जगतो, तेही संपलं की गप्प होतो. वादळासाठी कंपनीकडे पैसे मागू नयेत, हे मान्य. पण संपर्काची गरज सर्वांत जास्त असते ती त्याच दिवसांत. त्यामुळे कुठला टॉवर किती तास बॅटरीवर टिकला आणि किती तासांनी पुन्हा सुरू झाला, याची टॉवरनिहाय नोंद ट्रायने मागून जाहीर करायला हवी.