चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठे राहत होता?

गोठ्यावर किंवा पडवीवर घातलेले करडे, नालीदार सिमेंटचे पत्रे तुम्ही पाहिलेच असतील. त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. हे खनिज जळत नाही, स्वस्त मिळतं आणि कापसासारखं पिंजून त्याचं सूतही काढता येतं. पत्रा कापताना, फोडताना त्याचे सूक्ष्म तंतू उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात खोल जातात. शरीराला ते नीट विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस घट्ट होत जाणं (ॲस्बेस्टॉसिस), फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, होऊ शकतो. पण आज धूळ गेली आणि उद्या आजारी पडलो, असं होत नाही. मेसोथेलिओमा दिसायला बहुतेकदा तीस-चाळीस वर्षं जातात. मग हा संबंध सापडला कसा?

पहिला पुरावा लंडनचा. डॉ. मॉन्टेग्यू मरे यांनी १९०६ मध्ये सरकारी समितीपुढे एका कामगाराची हकिगत मांडली. पिंजण खात्यातले आपले दहाही सोबती मेले, असं त्या रुग्णाने सांगितलं होतं. सांगितलं खरं, पण नोंद कुठेच नव्हती. एक रुग्ण आणि त्याचा शब्द, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

पुढे मेरेवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटनमधल्या ३६३ कामगारांना तपासलं. १९३० च्या त्यांच्या अहवालात सुमारे चौथ्या हिश्शाला फुप्फुसाचा आजार निघाला, आणि नोकरीची वर्षं वाढली तसं हे प्रमाणही वाढत गेलं. आता हातात छेद होता: कितींपैकी किती. पण इथेही एक फट आहे, ती लक्षात घ्या. तपासणी कामावर असलेल्यांची झाली. जे आजारी पडून घरी बसले, ते मोजणीत आलेच कुठे?

तिसरा टप्पा दक्षिण आफ्रिकेतला. वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड यांचा १९६० चा शोधनिबंध मेसोथेलिओमाच्या फक्त ३३ रुग्णांवर आहे. त्यांपैकी ३२ जणांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला. गंमत म्हणजे त्यांत कधीच खाणीत काम न केलेली माणसंही होती. लहानपणी ती निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींजवळ राहिली होती, एवढंच. नुसतं 'काम काय करता?' विचारून थांबले असते, तर ही माणसं हातची निसटली असती. 'लहानपणी कुठे राहत होता?' या प्रश्नाने ती सापडली.

आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर, जपायला सांगितलं. हा आकडा का, ते आता कळलं असेल. आजार उगवेल तेव्हा कागद तरी जागेवर हवा!

ब्रिटनने १९९९ मध्ये बंदी जाहीर केली. भारतात सरसकट बंदी अजून नाही. तेव्हा उद्या तुम्ही प्रश्नावली तयार कराल, तेव्हा 'व्यवसाय' या रकान्याखाली आणखी दोन रकाने आखा: आधीची कामं आणि आधीचे पत्ते.