धिप्पाड पोरगा आणि चढाई

वजनाला उभं राहण्याआधी त्याने पायातले बूट, मनगटातलं कडं, कमरेचा करगोटा असं सगळं उतरवून ठेवलं होतं. तरीही आकडा कुमार गटाच्या मर्यादेच्या पाऊण किलो पुढे जाऊन थांबला. कबड्डीच्या संघातून नाव कापलं गेलं. मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीच्या बाजूला राहणारा हा सतरा वर्षांचा मुलगा, उंची सहा फूट एक इंच. बॅग खांद्याला लावून तो निघाला, तेव्हा कुणीतरी त्याची समजूत काढली: ‘‘एवढ्या अंगाने चढाई होत नसते रे. पुढच्या वर्षी खुल्या गटात ये, कोपऱ्यात उभं करू तुला.’’

सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हे वाक्य मी या भागातल्या मैदानांवर इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकवत नाही. धिप्पाड पोराची जागा आमच्याकडे आधीच ठरलेली असते. दहीहंडीच्या सरावात तळाच्या थरात आणि कबड्डीत कोपऱ्यावर किंवा कव्हरला. तळाच्या थराबद्दल माझी तक्रार नाही, ती मानाची जागा आहे. २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम करणारं जय जवान पथक जोगेश्वरीचं, आणि २०२५ मध्ये दहा थर लावणारं कोकण नगर पथकही जोगेश्वरीचंच. तळाच्या खांद्यांची किंमत या वस्तीला कुणी शिकवायला नको. अडचण एवढीच, की थरातला हा हिशेब आपण मैदानावरही तसाच लावतो: जड तो खाली, हलका तो वर, जड तो पकडीला, हलका तो चढाईला.

‘मोठं अंग म्हणजे मंद अंग’

सगळ्यात जुना गैरसमज हा. त्यात एक कण खरा आहे, म्हणून तो टिकला आहे.

सरळ रेषेत धावताना वजन आपोआप वेग कमी करत नाही. मांड्यांत आणि पोटऱ्यांत वजनाच्या प्रमाणात जोर असेल तर उंच मुलगा लांब ढांगा टाकत बुटक्याच्या पुढे निघतो. अडचण थांबताना आणि वळताना येते. ८५ किलोच्या आणि ६५ किलोच्या दोन खेळाडूंना एकाच वेगातून तेवढ्याच वेळात थांबायचं असेल, तर जड खेळाडूच्या पायांना सुमारे तीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. कबड्डीत पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. त्यातली दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव पट्टी सोडली, तर चढाईपटूच्या वाट्याला साडेसहा बाय आठ मीटरचा तुकडा येतो, आणि त्यात सात जण उभे. एवढ्या जागेत तीस सेकंदांत दहा वेळा थांबावं-वळावं लागतं. म्हणजे मोठ्या अंगाला इथे दंड बसतो, हे खरं.

पण तोच हिशेब उलट बाजूने कुणी मांडत नाही. सेकंदाला चार मीटरने मध्यरेषेकडे परतणाऱ्या ८५ किलोच्या खेळाडूला अडवायला जेवढा जोर लागतो, तेवढाच ६५ किलोचा खेळाडू अडवायला लागायचा असेल, तर त्याला सेकंदाला सव्वापाच मीटर धावावं लागेल. कव्हरवाल्याची डॅश, म्हणजे धावत येऊन मारलेली धडक, हलक्या चढाईपटूला मैदानाबाहेर भिरकावते. तीच डॅश जड चढाईपटूला अर्धं पाऊल हलवते, आणि तो त्या रक्षकालाच घेऊन पुढे निघतो.

‘चढाई म्हणजे फक्त चपळाई’

डुबकीमुळे हा समज पक्का झाला. प्रदीप नरवालने साखळीखालून वाकून निसटण्याची कला अशा उंचीवर नेली की प्रो कबड्डीच्या पाचव्या मोसमात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले. त्यानंतर गल्लीगल्लीत पोरं डुबकी मारायला लागली. सहा फुटी पोराला ती जमली नाही, की तो चढाईपटू नाही असा निकाल लागू लागला.

त्याच स्पर्धेत २०१८ मध्ये, सहाव्या मोसमात, यू मुम्बाकडून कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई खेळायला उतरला. उंच, रुंद खांद्यांचा. प्रेक्षकांनी त्याचं नाव ‘बाहुबली’ ठेवलं. पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे २१८ गुण घेतले, आणि पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. तो त्या लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू होता. नव्या संघातही त्याने दोनशेचा आकडा ओलांडला.

त्याच्या चढाया पाहिल्यात तर एक गोष्ट लक्षात येते. तो उगाच नाचत नाही. दोन-तीन पावलांत अंतर मोजतो, धावता हात मारतो आणि वळतो. त्याचा लांब हात रक्षकाला अपेक्षित असलेल्या जागेच्या वीतभर पुढे पोचतो. आणि कुणी कमरेला पडलाच, तर तो खाली वाकत नाही, ओढत नेतो.

बंगाल वॉरियर्सकडून गाजलेला मनिंदर सिंग याच घडणीचा. पहिल्या मोसमात तो जयपूरच्या विजेत्या संघात होता, मग दुखापतीमुळे काही मोसम बाहेर राहिला, आणि परतल्यावर प्रो कबड्डीत हजारावर चढाई-गुण घेणाऱ्या मोजक्या नावांत जाऊन बसला. २०१९ मध्ये बंगालने विजेतेपद मिळवलं तेव्हा कर्णधार तोच होता.

पडलेल्या माणसाची लांबी

ही गोष्ट मी मुलांना नेहमी मैदानावर आडवं पाडून दाखवतो, कारण सांगून ती पटत नाही.

मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर असते. चढाईपटूने स्पर्श केला, कुणीतरी घोटा धरला, तो पडला. आता त्याने दम न सोडता शरीराच्या कुठल्याही भागाने मध्यरेषा गाठली तर तो सुटतो, आणि ज्यांनी ज्यांनी त्याला धरलं ते सगळे बाद. मग प्रश्न उरतो: पालथा पडलेला माणूस किती लांब असतो?

त्या मेघवाडीच्या मुलाला मी रविवारी सकाळी मातीत पालथा पाडला, हात पुढे ताणायला लावला आणि टेपने मोजलं. पायाच्या अंगठ्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दोन मीटर चाळीस सेंटीमीटर. त्याच्या संघातला सगळ्यात चपळ चढाईपटू पाच फूट चार इंचांचा, तो भरला दोन मीटर आठ. फरक बत्तीस सेंटीमीटरचा. म्हणजे फुटाहून जास्त.

घोटा धरला गेल्यावरचं हे एक फूट म्हणजे किती, ते ज्याची बोटं मध्यरेषेच्या चार बोटं अलीकडे राहिली आहेत त्यालाच विचारावं. त्या एका फुटात एक गुण जातो की तीन येतात, हे ठरतं. मुलगा उठला, अंगावरची माती झटकली आणि टेपकडे बघत राहिला. आपली उंची कामाची आहे असं त्याला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं.

‘मग वजन वाढवू या’

दुसऱ्या टोकाचा हा गैरसमज तितकाच घातक. सिद्धार्थचे व्हिडिओ बघून पोरं प्रोटीनचे डबे आणतात आणि तीन महिन्यांत सात किलो चढवतात. पण वजन आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटावर आणि कमरेवर चढलेलं वजन थांबताना-वळताना दंड पुरेपूर भरायला लावतं आणि धडकेत काहीच परत देत नाही.

शिवाय कबड्डीत मोठेपणाला नियमाचं कुंपण आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत वरिष्ठ पुरुषांसाठी वजनाची मर्यादा ८५ किलो. सहा फूट एक इंच उंचीवर ८५ किलो म्हणजे स्थूल नव्हे, कसलेला माणूस. त्यामुळे आपल्या खेळातला ‘प्रचंड’ चढाईपटू हा उंच, लांब हातांचा आणि अंगावर फाजील मांस नसलेला असावा लागतो. जाडजूड असणं म्हणजे धिप्पाड असणं नव्हे. आमच्या दहीहंडीवाल्यांनाही हे माहीत आहे. तळाच्या थरात जाडा नको असतो, मान आणि गुडघे पक्के असलेला हवा असतो.

जिथे असं कुंपण नाही तिथे काय होतं, हे पाहायला अमेरिकेत डोकावावं लागेल. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत घेऊन समोरच्या भिंतीत घुसणारा खेळाडू म्हणजे ‘रनिंग बॅक’. आपल्या चढाईपटूचा लांबचा भाऊच म्हणा, आणि त्याच्याबद्दलही हाच वाद तिथे कित्येक वर्षं चालू आहे. साधारण पंचाण्णव-शंभर किलोचा माणूस या जागेला योग्य मानतात. पण नायजेरियाहून आलेल्या ख्रिश्चन ओकोयेने ११८ किलोच्या आसपास वजन घेऊन १९८९ च्या मोसमात १,४८० यार्ड धाव घेतली आणि तो त्या वर्षी सगळ्यांत पुढे राहिला. जेरोम बेटिसला लोक ‘द बस’ म्हणत. ११४ किलोचा हा माणूस तेरा मोसम टिकला आणि १३,६६२ यार्ड धावला. डेरिक हेन्रीने २०२० मध्ये एकाच मोसमात २,०२७ यार्ड काढले. रग्बीत जोना लोमूने १९९५ च्या विश्वचषक उपान्त्य सामन्यात इंग्लंडवर चार ट्राय केल्या, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि अंगाने समोरच्यांपेक्षा कितीतरी मोठा.

मात्र याच यादीशेजारी रॉन डेनचं नाव ठेवायला हवं. कॉलेजात तो अजिंक्य होता, १९९९ ची हाइझमन ट्रॉफी त्याने जिंकली. पण व्यावसायिक फुटबॉलमध्ये एकाही मोसमात त्याला हजार यार्ड गाठता आले नाहीत. कॉलेजात समोरचे अंगावर आदळून कोसळत. वरच्या पातळीवर समोरचेही तेवढेच दणकट निघाले. नुसत्या अंगावर जिंकत आलेल्या मुलाला वरच्या पायरीवर दुसरं काहीतरी लागतं, आणि ते लहानपणीच शिकावं लागतं.

मोठ्या अंगाची किंमतही मोजावी लागते. चार जण लोंबकळत असताना ओढत जाणारा खांदा सतत ताणला जातो. सिद्धार्थचा आठवा मोसम खांद्याच्या दुखापतीत गेला. मनिंदर खांद्यामुळेच २०१९ चा अंतिम सामना बाहेरून बघत बसला. मॅटवर बूट घट्ट चिकटतो, अंग वळतं आणि गुडघा मधे सापडतो. म्हणून या मुलांच्या व्यायामात आधी घोटा, गुडघा, खांदा आणि मगच बायसेप.

‘असे चढाईपटू मुळातच कमी असतात’

कमी दिसतात हे खरं. पण ते का कमी दिसतात, याकडे आपण नीट पाहत नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच्याबद्दल.

आपल्या किशोर आणि कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. हेतू चांगला आहे: लहान चणीच्या मुलांना दांडग्यांनी चिरडू नये. पण चौदा-पंधराव्या वर्षी जो मुलगा एकदम वाढतो, त्याचं काय होतं? तो किशोर गटातून वजनाने बाद होतो, दोन-तीन वर्षांनी कुमार गटातूनही. जिल्हा निवड चाचणी त्याला मिळत नाही, राज्य स्पर्धा मिळत नाही. चढाई शिकायची जी चार-पाच वर्षं असतात, नेमकी तीच त्याची मैदानाबाहेर जातात. मग तो एकोणीस-विसाव्या वर्षी थेट खुल्या गटात येतो. तोवर त्याच्या बरोबरीच्या हलक्या मुलाच्या खात्यात शेकडो सामन्यांच्या चढाया जमा झालेल्या असतात आणि याच्या खात्यात काहीच नसतं. साहजिकच प्रशिक्षक त्याला कोपऱ्यात उभं करतो. पट काढायला आणि घोटा धरायला तुलनेने उशिरा शिकलं तरी चालतं. समोरच्या सात जणांच्या नजरा वाचायला उशीर झालेला चालत नाही.

अशी चाळणी आपणच लावतो आणि मग चाळणीत उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, चढाईपटू लहान अंगाचेच असतात.

याचा दुसरा परिणाम आणखी वाईट. मर्यादेत बसण्यासाठी ही मुलं स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात, रेनकोट घालून धावतात, जेवण टाळतात. पोरगा वजनात बसतो आणि दुसऱ्या सत्रात पोटऱ्यांत गोळे येऊन बसकण मारतो. हा नुसता थकवा नव्हे. १९९७ मध्ये अमेरिकेत वजन उतरवण्याच्या याच खटपटीत तीन कॉलेज-कुस्तीपटू साधारण महिनाभरात मरण पावले, त्यानंतर तिथले नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर ग्रॅम जास्त भरल्याने कुस्तीपटू विनेश फोगाट बाद झाली आणि देश हळहळला. पण तिच्याभोवती डॉक्टर होते. आमच्या सोळा वर्षांच्या पोराभोवती फक्त त्याचे मित्र असतात, ‘‘अजून दोन राउंड मार’’ म्हणणारे.

नियम बदलणं माझ्या हातात नाही. एक गोष्ट मात्र कुठल्याही संघाला उद्यापासून करता येते: वजनात न बसलेल्या मुलाला सरावातून काढू नका, आणि सरावात त्याला चढाई द्या. आठवड्याला ठरावीक चढाया, मोठ्या मुलांसमोर. डुबकी त्याच्यावर लादू नका. धावता हात, लांब पायाचा स्पर्श, मध्यरेषेकडे तोंड ठेवून पडणं आणि धरलं गेल्यावर दम टिकवणं, एवढंच शिकवा. स्पर्धेतली वर्षं बुडाली तरी डोळ्यांची वर्षं बुडत नाहीत.

मेघवाडीच्या मुलाला आता आम्ही रोज संध्याकाळी तिसरी चढाई देतो, म्हणजे दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची, गुण आणला नाही तर बाद व्हायला लावणारी. पहिल्या आठवड्यात तो बहुतेक वेळा पकडला गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मध्यरेषेपासून मागे टेपने दोन मीटर चाळीसवर चुन्याची एक रेघ मारून घेतली. ‘‘काका, ही पुसू नका हं,’’ म्हणाला. परवा डाव्या कोपऱ्याने त्याचा घोटा धरला तेव्हा त्याने वळून मागे पाहिलंच नाही. आधी खाली पाहिलं, रेघ पायाच्या मागे आहे याची खात्री केली आणि पुढे झेपावला.