ऊन दुपारी, दिवे संध्याकाळी

कट्ट्यावर शेअर्सचा विषय निघाला की हल्ली एखादं ‘ग्रीन’ नाव येतंच. त्याला कारणही तसंच आहे. सौर आणि पवन प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या ‘इरेडा’ या सरकारी कंपनीचा आयपीओ नोव्हेंबर २०२३मध्ये ३२ रुपयांना आला आणि जुलै २०२४मध्ये शेअर ३००च्या वर गेला. ज्यांना लागला त्यांनी पार्ट्या दिल्या. मित्राचं ऐकून शिखरावर जे शिरले, त्यांनी पुढच्या वर्षभरात किंमत जवळपास निम्म्यावर आलेली पाहिली.

गंमत म्हणजे या सगळ्या काळात क्षेत्र मात्र वाढतच होतं. २०३०पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता हे भारताचं लक्ष्य आहे. २०२५च्या मध्यालाच देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-गॅसच्या बाहेरचा झाला. परकीय गुंतवणुकीला १०० टक्के दार मोकळं आहे. ऐकायला भारी वाटतं. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे! सौर पॅनेल रात्री शून्य वीज देतं, त्यामुळे आपण प्रत्यक्ष वापरतो ती बहुतेक वीज अजूनही कोळशाचीच असते.

खरी मेख इथेच आहे. दुपारची सौर वीज प्रचंड स्वस्त झालीय. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातच्या लिलावात दर युनिटमागे १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता. पण आपण घरी येतो सातला. दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम सुरू होतं आणि सूर्य तेव्हा घरी गेलेला असतो. शिवाय पॅनेल राजस्थानात, ग्राहक भलतीकडेच. सौर पार्क वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, त्याची वीज वाहून नेणाऱ्या वाहिनीला जास्त वेळ लागतो. मग भर दुपारी तयार वीज घ्यायला कुणी नाही म्हणून उत्पादन कमी करायची वेळ येते.

म्हणून आता पैसा वीज ‘साठवण्याकडे’ वळतोय. बॅटऱ्या आहेतच, पण आपल्या सह्याद्रीकडे दुसरी एक बॅटरी आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जास्त असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवायचं, गरज लागली की तेच पाणी ४०० मीटरवरून खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. साधारण चार युनिट घालून तीन परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटतो ना? पण दुपारी कवडीमोल असलेलं युनिट रात्री महाग असतं, तो फरकच कमाई. भिवपुरी आणि शिरवटा इथे मिळून २,८०० मेगावॉटच्या अशाच प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३मध्ये राज्य सरकारशी करार केला, गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटींची. अर्थात डोंगर आणि जंगल कुणाचं, हा प्रश्न तिथेही आहेच आणि तो दामटून चालणार नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ‘घे रे, सोलर आहे’ म्हणाला तर त्याला विचारा, कंपनीच्या विजेला खरेदीदार ठरलाय का, वाहिनी पोचलीय का आणि संध्याकाळी ती काय विकणार? उत्तर न देता तो चार्ट दाखवायला लागला, तर चहा पिऊन निघा.

आणि डीमॅटमध्ये टाकायला पैसेच नसतील तर? घराच्या छतावर ३ किलोवॉट बसवणाऱ्याला केंद्राकडून ७८ हजारांचं अनुदान मिळतं, त्यामुळे गावोगाव पॅनेल चढतायत. बसवून देणारे ढीगभर आहेत. चार वर्षांनी इन्व्हर्टर बंद पडल्यावर फोन उचलणारा शोधावा लागतो. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचा आयटीआय केलेल्यांसाठी २०१५पासून ‘सूर्यमित्र’ हा सरकारी प्रशिक्षणक्रम आहे. तो करून स्वतःचं सर्व्हिसिंगचं काम सुरू करायला भांडवल लागतं ते मल्टिमीटर, सेफ्टी बेल्ट आणि एका दुचाकीचं.