चक्कर मनाची नव्हे, कानाची!

मैत्रिणींनो, ‘मला गरगरतंय’ असं घरातली बाई म्हणाली, की आपण काय म्हणतो? पित्त झालं असेल, उपास बाधला असेल. नाहीतर मनाला काहीतरी लावून घेतलं असेल! माझ्या सासूबाई कूस बदलताच “अगं, खोली फिरतेय!” म्हणत पलंग घट्ट धरायच्या, तेव्हा मीही त्यांना लिंबाचं सरबतच करून देत होते. शेवटी डॉक्टरांनी त्यांना मान वळवून झटकन आडवं केलं, डोळे पाहिले आणि सांगितलं, “दोष कानात आहे.”

कानात? हो! कान नुसता ऐकत नाही, तोलही सांभाळतो. त्याच्या अगदी आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन वाकड्या नळ्या असतात; मान वळली की त्यांना कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याचे बारीक कण असतात. डोकं कललं की त्यांना कळतं. दोन्ही कान आपले निरोप सतत मेंदूकडे धाडतात. स्वस्थ बसलं असताना दोन्हीकडचे निरोप सारखे, म्हणजे तराजूचा काटा मधोमध.

गंमत अशी, की हा काटा विजेने हलवता येतो. विजेची बॅटरी करणाऱ्या व्होल्टाने 1800 साली तिची टोकं स्वतःच्याच कानांत घातली. डोक्यात दणका बसला आणि पिठलं रटरटावं तसा आवाज आला. त्याने पुन्हा काही ते धाडस केलं नाही! पुढे 1820 च्या सुमारास पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने डोक्यातून वीज गेली की चक्कर येते, असं नोंदवून ठेवलं.

आता प्रयोगशाळेत दोन्ही कानांमागच्या हाडांवर पट्ट्या लावून साधारण एक मिलिअँपिअर इतकाच प्रवाह सोडतात. डोळे मिटून उभा असलेला धडधाकट माणूसही धन टोकाच्या बाजूला झुकतो! कारण ऋण टोकाकडच्या कानाचे निरोप वाढतात, धन टोकाकडचे घटतात. मेंदूला वाटतं, आपण ऋण बाजूला कलंडतोय. मग तो सावरायला अंग उलट्या बाजूला नेतो. जमीन जागच्या जागी, पण पडल्याची जाणीव खरीखुरी! मग आजारी कानाने चुकीचा निरोप धाडला, तर त्यात बाईच्या मनाचा काय दोष?

अगदी क्षीण प्रवाहाने वयस्कर माणसांचा तोल सुधारतो का, यावर संशोधन चालू आहे. पण घरी सेल-वायर घेऊन हा खेळ मुळीच करू नका, मुलांनाही करू देऊ नका.

सासूबाईंना विजेची गरजच पडली नाही. चुन्याचे कण जागा सोडून नळीत शिरले होते. डॉक्टरांनी ठरावीक क्रमाने मान आणि अंग वळवून ते परत जागी आणले. हे मात्र जाणकारानेच करायचं.

घरात कोणाला असा त्रास असेल, तर एवढं करा : उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवा, रात्री मोरीपर्यंत दिवा ठेवा, ओली फरशी लगेच पुसा. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर मात्र क्षणही न दवडता इस्पितळ गाठा.

आणि हो, ‘गरगरतंय’ म्हणणारी तुम्ही स्वतः असाल, तरी हेच करा बरं का. स्वतःचं दुखणं तेवढं आपण नेहमी मागे ठेवतो!