दिवाणखान्यातला फायकस आणि सकाळच्या शिंका

वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर ही सगळी फायकस या एकाच घराण्यातली झाडे. त्यांची शोभेची भावंडे आता फ्लॅटमध्ये राहायला आली आहेत. बारीक, चकचकीत पानांचा बेंजामिना, जाड पानांचे रबराचे झाड आणि अलीकडे मोठ्या हौसेने आणला जाणारा, मूळचा पश्चिम आफ्रिकेतला फिडल लीफ. नर्सरीत ‘हवा शुद्ध करतो’ असे सांगून ही झाडे विकली जातात. या दाव्याचे मूळ नासाच्या १९८९ मधील प्रयोगात आहे; मात्र तो प्रयोग हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. घराच्या दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. तिची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला आहे. एवढ्या कुंड्या ठेवल्यावर माणसांनी कुठे राहायचे? झाड सुंदर दिसते म्हणून जरूर ठेवावे, औषध म्हणून नको.

उलट काही घरांत हेच झाड त्रासाचे कारण असते. फायकसचे पान तोडले की पांढरा चीक येतो. त्यातली प्रथिने पानांच्या पृष्ठभागावर येतात, वाळतात आणि धुळीबरोबर हवेत उडतात. घरातला फायकस सहसा फुलत नाही, म्हणून परागकणांचा प्रश्न नाही, दोष चिकाचा. स्वीडनमधील डॉक्टरांनी १९८० च्या दशकात कुंड्यांची निगा राखणाऱ्या कामगारांमध्ये बेंजामिनाची ही ॲलर्जी दाखवून दिली. सतत शिंका, डोळ्यांना खाज, नाक वाहणे आणि काहींना दमा, अशी तिची लक्षणे.

असा रुग्ण दवाखान्यात आला की बहुतेकदा ‘धुळीची ॲलर्जी’ म्हणून गोळ्या सुरू होतात. ते अगदी चूक नसते, पण धुळीत काय मिसळले आहे हे विचारायचे राहून जाते. ॲलर्जीच्या तपासणीच्या नेहमीच्या यादीतही फायकस बहुधा नसतो. गावाला गेल्यावर बरे वाटते आणि घरी परतताच शिंका सुरू होतात, असे असेल तर घरातल्या झाडांविषयी डॉक्टरांना आपणहून सांगावे. पाने पुसण्याचे काम अनेक घरांत मावशींकडे असते. त्यांच्या खोकल्याचीही चौकशी व्हायला हवी.

या ॲलर्जीच्या काही रुग्णांना ताजे अंजीर खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते, ओठ सुजतात. पपई, किवी, केळे किंवा अननसानेही क्वचित असे होते. घसा आवळला, श्वास लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

ज्यांना त्रास नाही त्यांनी झाड टाकून देण्याचे कारण नाही. निगा मात्र नीट हवी. पाने कोरड्या फडक्याने झटकू नयेत, ओल्या फडक्याने हलकेच पुसावीत. दमा असलेल्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे आणि झोपण्याच्या खोलीत फायकस ठेवू नये. छाटणी करताना हातमोजे घालावेत. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. रांगत्या मुलाच्या हाताला पाने लागणार नाहीत असे पाहावे.

बेंजामिनाला जागा बदललेली खपत नाही. नर्सरीतून आणल्यावर तो भराभर पाने गाळतो आणि घाबरलेला मालक पाणी वाढवतो. तिथेच घोटाळा होतो. मुळे कुजतात, मातीवर बुरशी धरते. भरपूर उजेडाची एक जागा ठरवावी, वरची दोन-तीन सेंटिमीटर माती सुकली की मगच पाणी घालावे आणि थोडी कळ काढावी. नवी पाने येतात. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी ताटली रिकामी करून घासावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात.

ॲलर्जी पक्की ठरली तर झाड घराबाहेर न्यावे. लगेच आराम पडला नाही तरी निदान चुकले असे समजू नये. गालिचे, सोफा आणि पडद्यांत ती धूळ बराच काळ राहते, ते सगळे स्वच्छ करावे लागते. झाड गच्चीत मोठ्या कुंडीत मजेत वाढते. इमारतीच्या भिंतीलगत जमिनीत मात्र लावू नये. मुळ्या वडाच्या वळणावर जातात.