बटण दाबलंच नाही, तरी फाइल डिलीट कशी झाली?

पायथनच्या टीकेइंटरमध्ये तुम्ही 'डिलीट' बटण बनवलं. प्रोग्राम सुरू करताच फाइल गायब! नंतर बटण दाबलं, तर काहीच होत नाही. असं का?

क्लिक केल्यावर चालणाऱ्या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. बटणाच्या 'कमांड'मध्ये त्याचं फक्त नाव द्यायचं असतं. नावापुढे कंस टाकले, की पायथन ते फंक्शन बटण तयार होण्याआधीच चालवतं. बटणाला मिळतं फक्त फंक्शनचं उत्तर, बहुतेकदा 'नन', म्हणजे काहीच नाही. शेजाऱ्यांना प्लंबरचा नंबर द्यायचा होता; तुम्ही प्लंबरलाच बोलावलंत, नंबर दिलाच नाही!

उपाय? कंस काढा. फंक्शनला फाइलचं नाव पुरवायचं असेल, तर कंस ठेवून ते 'लॅम्डा'त गुंडाळा. मग ते क्लिकची वाट पाहील.