सोरायसिसचं नख, तीन लेझर आणि धानाचा जिल्हा

नखांच्या सोरायसिसवर कोणतं लेझर सरस, हा प्रश्न गेली पंधरा-सोळा वर्षं त्वचारोगतज्ज्ञ सोडवत आलेत. उत्तरं आली ती स्पेन, तुर्कस्तान, थायलंड, कुवेतमधून. गोंदियात बसून ती एकामागे एक वाचली की जाणवतं, यंत्राशी यंत्राची तुलना पुष्कळ झाली. ज्याच्या नखावर ते चालवायचं, तो माणूस दिवसभर हाताने काय करतो, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

इथे तो प्रश्न आधी येतो. जुलै लागला की तिरोडा, आमगाव, गोरेगावकडच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखलात बोटं खुपसून रोप लावायचं. अर्जुनी मोरगावकडे इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धान निघतं, म्हणजे तोच चिखल वर्षातून दुसऱ्यांदा. ज्या घरांत विड्या वळतात तिथे तेंदूपानाला आकार देऊन विडीचं तोंड दुमडायला पुन्हा बोटांची टोकंच लागतात. सोरायसिसचा एक स्वभाव असा, की जिथे त्वचेला सतत घासा किंवा मार बसतो तिथे तो उगवतो. कोबनर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. नखांनाही ते लागू आहे.

अशा हाताचं नख पिवळं पडलं, जाड झालं, खालून सुटलं की पहिला अंदाज बुरशीचाच. तो पुष्कळदा बरोबरही निघतो, कारण ओल्या हातांना बुरशी लागतेच, आणि सोरायसिसच्या नखावर बुरशी बसली असंही होतं. पण नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची साधी, स्वस्त तपासणी न करता महिनोन्‌महिने बुरशीच्या गोळ्या चालू राहतात. नखावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, गुलाबी भागावर तेलाच्या डागासारखा तांबूस ठिपका, केसांत किंवा कोपरावर खवल्यांचा चट्टा, एवढं नीट पाहिलं तरी रोगाची दिशा कळते. लेझरची गोष्ट त्यानंतरची.

तुलना करायची तर मोजमाप हवं. ते 2003 मध्ये आलं. अमेरिकेतल्या रिच आणि शेर या दोघांनी नखाचे चार भाग पाडून ‘नॅप्सी’ हा गुणांक मांडला. प्रत्येक भागात मुळाचा बिघाड आहे का आणि नखाखालच्या गादीचा आहे का, एवढंच बघायचं; एका नखाला जास्तीत जास्त आठ गुण. पुढच्या सगळ्या लेझर-अभ्यासांनी हीच पट्टी कमी-अधिक वापरली. त्यात एक अडचण राहिलीच. एखाद्या भागात एक खड्डा असो की दहा, गुण तोच. आणि रोप धरताना बोट ठणकतं का, याला शून्य गुण.

पहिली मजल 595 नॅनोमीटरच्या पल्स्ड डाय लेझरने मारली. हे यंत्र मुळात चेहऱ्यावरच्या लाल जन्मखुणांसाठी वापरलं जायचं. त्याचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं आणि बारीक वाहिन्या आतून बंद होतात. सोरायसिसच्या त्वचेत आणि नखाच्या गादीत अशा वाहिन्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या असतात. म्हणून हे यंत्र नखापर्यंत पोचलं. 2009 मध्ये स्पेनमधल्या चौदा रुग्णांच्या एका हातावर हेच लेझर आधी प्रकाश-संवेदी मलम लावून मारलं, दुसऱ्यावर नुसतं. दोन्ही हात सारखेच सुधारले. महागड्या मलमाची गरज नव्हती हे कळायला एक अभ्यास लागला, ही काही वाईट खरेदी नव्हे. पुढच्या वर्षी तुर्कस्तानातून पाच रुग्णांचा अनुभव आला. 2012 मध्ये थायलंडच्या डॉक्टरांनी झोत लांब ठेवावा की आखूड हे तपासलं. परिणाम सारखा, लांब झोताला दुखणं जास्त.

यातली खरी उद्‌बोधक झुंज मला 2014 ची, कुवेतची वाटते. एका हाताला पल्स्ड डाय, दुसऱ्याला 308 नॅनोमीटरचं एक्सायमर. एक्सायमर त्वचेच्या चट्ट्यांवर उत्तम काम करतं, म्हणून नखावरही करेल असं वाटणं साहजिक होतं. पण ते मागे पडलं आणि डाय लेझर स्पष्ट पुढे गेलं. कारण सरळ आहे: 308 नॅनोमीटर म्हणजे अतिनील प्रकाश, आणि नखाचं कवच त्यातला बहुतेक वाटेतच अडवतं. खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं पण कातडी करपत नाही, तसाच प्रकार. शिवाय एक्सायमरला आठवड्यातून दोनदा जावं लागायचं, डाय लेझरला महिन्यातून एकदा. सालेकसा किंवा देवरीच्या माणसासाठी हा फरक गुणांकापेक्षा मोठा आहे.

मग 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग आलं. ते खोलवर जातं आणि त्वचेतलं रंगद्रव्य त्याला कमी शोषतं. तुर्कस्तानातून त्याचे चांगले आकडे आले, दुखण्याची तक्रारही आली. 2017 मध्ये एका अभ्यासात एका हाताला डाय, दुसऱ्याला याग, आणि दोन्हींवर कॅल्सिपोट्रिऑल-बीटामेथासोनचं मलम असा सामना झाला. बरोबरी. दोन्हीकडे मलम असल्यामुळे श्रेय लेझरचं किती आणि मलमाचं किती, हे मात्र त्यातून सुटं होत नाही.

आपल्याकडे या बरोबरीला वेगळा अर्थ आहे. डाय लेझर महाग, त्याचा खर्च सतत चालू राहणारा, आणि सावळ्या त्वचेत रंगद्रव्यही 595 चा प्रकाश शोषत असल्याने जपून वापरायचं. त्यामुळे भारतात ते मोजक्या ठिकाणी आहे. लांब झोताचं याग मात्र केस काढण्याच्या धंद्यामुळे शहरोशहरी पोचलं. इथेच एक फसगत होते. टॅटू आणि डाग घालवायला वापरतात ते क्यू-स्विच्ड यागही 1064 चंच असतं, पण त्याचा झोत सेकंदाच्या अब्जांश भागात मोजतात. नखांच्या अभ्यासातला झोत हजारांश भागात. पाटीवर नाव तेच, यंत्र दुसरं. अभ्यासातलं एक्सायमर आणि कोडासाठी दवाखान्यात असलेला 308 चा दिवा यांच्यातही असाच फरक आहे.

याच सुमारास, 2016 मध्ये, गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. केटीएस रुग्णालयाच्या आवारात पहिली तुकडी बसली, आणि भंडाऱ्यापासून 1999 मध्ये वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला शिकवणारं रुग्णालय मिळालं. बालाघाटकडचे रुग्णही इथे येतात. तरी लेझरचं नाव निघालं की बोट नागपूरकडे किंवा रायपूरकडे दाखवलं जातं. हावडा-मुंबई मार्गावर गाड्यांची वाण नाही. पण महिन्याला एक फेरी, अशा तीन ते सहा, प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडालेली. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष. बारा आठवड्यांत संपणाऱ्या अभ्यासाने नखाचा निकाल अर्धाच पाहिलेला असतो. मधे रोवणी आली तर उरलेला अर्धा चिखलातच.

याच काळात एक बिनयंत्राची तुलना पंजाबात झाली, आणि लेझरच्या निबंधांइतका तिचा गाजावाजा झाला नाही. 2018 मध्ये फरीदकोटच्या डॉक्टरांनी नखाच्या मुळाशी ट्रायमसिनोलोन, मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोस्पोरिन टोचून पाहिलं. पहिली दोन जवळपास सारखी ठरली, तिसरं मागे पडलं. सुई नखाच्या मुळाशी जाते, दुखतं, बोट आधी बधिर करावं लागतं. पण औषध स्वस्त, आणि हात बसलेला डॉक्टर असला तर जिल्ह्याच्या ठिकाणी जमण्यासारखं. माझं मत विचाराल तर गोंदियाच्या एक-दोन नखांच्या रुग्णाला नागपूरच्या लेझरपेक्षा हा अभ्यास जास्त उपयोगाचा आहे. खड्डे हा मुळाचा बिघाड, आणि इथे औषध मुळाशीच पडतं.

नखं दहाही बिघडली असतील तर सुईही पुरत नाही. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात नखांवर ठोस फरक दाखवणाऱ्या उपचारांत इन्फ्लिक्सिमॅब आणि गोलिमुमॅब ही इंजेक्शनं होती, जुन्या पद्धतीचे क्ष-किरण होते. लेझर त्या यादीत नव्हतं. नंतर भारतात अॅडालिमुमॅबची देशी आवृत्ती आली, अप्रेमिलास्टच्या गोळ्या आल्या. मेथोट्रेक्सेट तर होतंच. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, आणि ही गोष्ट चिठ्ठीवर ठळक लिहावी लागते.

सांध्यांच्या सोरायसिसमध्ये दहातल्या आठांची नखं बिघडलेली असतात. बोटाच्या शेवटच्या सांध्याचा स्नायुबंध नखाच्या मुळाला जवळजवळ चिकटूनच असतो, त्यामुळे नख बिघडलं की सांध्याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि कुठलंही लेझर सांध्यापर्यंत पोचत नाही. केटीएसच्या बाह्यरुग्ण विभागात नख दाखवायला आलेल्या बाईला सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली असतात हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. उत्तर अर्ध्या तासाच्या वर गेलं, तर पुढची चिठ्ठी लेझरची नसते, संधिवाताच्या डॉक्टरांची असते.